कॅरोलिन कीनला लिहिलेलं पत्र

बाई, नमस्कार.

आम्ही पेडण्याकडचे. माझी मुलगी आठवीत आहे. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. पहिली दोन वर्षं इंग्रजीने तिला रडवलं. मग एका सुट्टीत पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत तिला नॅन्सी ड्रू या हेरगिरी करणाऱ्या मुलीची इंग्रजी पुस्तकं सापडली आणि सगळंच बदललं. दीड वर्षात सतरा वाचली. वहीत प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवते: गुन्हा काय, संशयित किती, नॅन्सीला कितव्या प्रकरणात कोंडून घातलं. गेल्या महिन्यात शाळेत ‘आवडत्या लेखकास पत्र’ असा उपक्रम होता. हिने कॅरोलिन कीनला, म्हणजे नॅन्सीच्या पुस्तकांवर जिचं नाव असतं तिला, चार पानं लिहिली. माझ्या भाच्याने ती वाचली आणि हसायला लागला. ‘अशी बाई कधी नव्हतीच, कंपनीने भाड्याच्या माणसांकडून लिहून घेतलेली पुस्तकं आहेत ही,’ म्हणाला. मोबाइलवर दाखवलंही. पोर दोन दिवस धड जेवली नाही.

तिला बरं वाटावं म्हणून मावशीकडे पडून असलेलं या मालिकेतलं पहिलं पुस्तक मी आणून दिलं. निळी कापडी बांधणी, पहिल्या पानावर शाईने कुणा मुलीचं नाव आणि खाली ‘नैरोबी, १९५१’. तर त्यातली नॅन्सी सोळा वर्षांची, आणि लायब्ररीतल्या त्याच पुस्तकातली अठरा! गोष्टही वेगळीच सुरू होते. आता ती म्हणते, ‘सगळंच खोटं.’ घरातली पुस्तकं परत करून आली. सासूबाई म्हणतात, बरं झालं, आता अभ्यास करील. मिस्टर सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आहेत, ते म्हणतात, आता काहीतरी चांगलं वाचायला दे. मी तिला काय सांगू?

— एक आई, पेडणे

*

ताई,

आधी सांगा, ते चार पानी पत्र कुठे आहे? रागाच्या भरात तिने फाडलं नसेल तर उचलून ठेवा. पुढे लागणार आहे.

भाच्याने सांगितलं ते खरं आहे. सांगायची रीत वाईट, पण माहिती खरी. तेव्हा ‘नाही गं, असेल अशी बाई कुठेतरी’ असली समजूत घालायला जाऊ नका. तेराव्या वर्षी मुलांना आपली थाप लगेच कळते, आणि तुमची तर हेरगिरीची सतरा पुस्तकं कोळून प्यायली आहे. तिचा घात झालाय तो अर्ध्या माहितीने. भाच्याने अर्धी सांगितली, उरलेली तुम्ही सांगा.

अमेरिकेत एडवर्ड स्ट्रॅटमायर नावाचे एक गृहस्थ होते. मुलांच्या पुस्तकांच्या मालिका काढणं हा त्यांचा धंदा. कल्पना त्यांची, नायक-नायिकेचं नाव त्यांनी ठेवलेलं, प्रत्येक पुस्तकाचा आराखडाही त्यांचाच. तो आराखडा ते एखाद्या हात चालणाऱ्या, पैशांची गरज असलेल्या लेखकाकडे पाठवायचे. लेखकाने पुस्तक लिहून द्यायचं, ठरलेली रक्कम घ्यायची आणि सगळे हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं. मुखपृष्ठावर छापायचं नाव कुणाचंच नाही, कंपनीने बनवलेलं. १९२७ साली हार्डी बॉईज, म्हणजे रहस्यं सोडवणारे दोन भाऊ, असेच सुरू झाले. त्यांच्यावर नाव फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन, आणि सुरुवातीची बहुतेक लिहिली लेस्ली मॅकफार्लेन नावाच्या कॅनडातल्या पत्रकाराने. मुलग्यांचं चाललं तर मुलींसाठीही एक काढू, या हिशेबाने १९३०च्या एप्रिलअखेरीस नॅन्सी ड्रूची पहिली तीन पुस्तकं एकदम बाजारात आली. त्यानंतर बाराव्या दिवशी स्ट्रॅटमायर वारले. आपण कशाला जन्म दिला ते त्या माणसाला कळलंसुद्धा नाही.

ती तिन्ही पुस्तकं लिहिली होती मिल्ड्रेड नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीने. आयोवा राज्यातल्या लडोरा नावाच्या छोट्या गावातली ही डॉक्टरची लेक. आयोवा विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेणारी पहिली. लग्नानंतर मिल्ड्रेड वर्ट, पुढे दुसऱ्या लग्नानंतर मिल्ड्रेड बेन्सन. मालिकेतल्या पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस तिच्या हातची आहेत. मोबदला पुस्तकामागे सुमारे १२५ डॉलर, एकदाच, पुढे कितीही खपलं तरी. मंदीच्या दिवसांत कंपनीने तो आकडा ७५ वर आणला तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं, आणि आठवं, नववं, दहावं पुस्तक वॉल्टर कॅरिग नावाच्या लेखकाने लिहिलं. नंतर ती परत आली.

एवढंच सांगून थांबलात तर मुलीला तो विटांचा कारखाना वाटेल. म्हणून पुढचं तिच्या ओळखीच्या अंगणातून सांगा. तुम्ही पेडण्याच्या. म्हणजे दशावतारी दहीकाला तिने तुमच्या मांडीवर झोपत-उठत पाहिलेला असणार. तिला विचारा, त्या नाटकाची वही कुणाजवळ असते? कुणाजवळच नसते. रात्री रंग लावता लावता कंपनीचा मुख्य माणूस सगळ्यांना आख्यान सांगतो. आज अमुक कथा, राजा शिकारीला जाणार, इथे राक्षस आडवा येणार, राणी वनात, मग युद्ध, शेवटी देव प्रकट. बस. बोलायचं काय ते कागदावर नाही. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, बाहेर येतो, पेटीवाल्याकडे एकदा बघतो आणि बोलायला लागतो. समोरचा जे म्हणेल त्यावर तिथल्या तिथे उत्तर. तेच आख्यान दुसऱ्या कंपनीने केलं की राक्षसाला वेगळीच जीभ फुटते, आणि आपल्या बायका दुसऱ्या दिवशी नळावर दोन्ही राक्षसांची तुलना करतात.

स्ट्रॅटमायर हा आख्यान सांगणारा. मिल्ड्रेड राजपार्टी. श्रीमंत म्हाताऱ्याचं हरवलेलं मृत्युपत्र, गर्विष्ठ श्रीमंत कुटुंब, जुनं घड्याळ हे सगळं आख्यानात होतं. पण मोठ्या माणसाला न घाबरता उलट प्रश्न विचारणारी, एकटी गाडी घेऊन निघणारी, कोंडून घातल्यावर रडत न बसता कपडे टांगायचा दांडा उपटून दार उचकटायला बघणारी जी मुलगी तुमच्या लेकीला आवडली, ती लिहिणारीच्या बोलण्यातून आली. मिल्ड्रेड यांच्याच आठवणीप्रमाणे पहिलं पुस्तक हातात पडल्यावर स्ट्रॅटमायर फारसे खूश नव्हते, नायिका जरा आगाऊ वाटली त्यांना. आगाऊ! आमच्या वेळी कुठल्याही हुशार मुलीला हाच शब्द मिळायचा.

आता ही तुलना तुमची मुलगीच तोडून टाकील, आणि तोडली पाहिजे. दहीकाल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच राजा रंग पुसून चहाच्या गाड्यावर उभा असतो. आपण त्याला म्हणतो, काल काय रंगलात हो. मिल्ड्रेडला हे पन्नास वर्षं कुणी म्हटलं नाही. तिने कुणाला सांगायचं नव्हतं, तसं लिहूनच दिलेलं. स्ट्रॅटमायर गेल्यावर त्यांच्या मुलींनी कंपनी सांभाळली. त्यांतल्या हॅरिएट अ‍ॅडम्स यांनी पुढची बरीच पुस्तकं स्वतः लिहिली, आणि कॅरोलिन कीन म्हणजे मीच असं त्या जगाला सांगत आल्या. १९८० साली प्रकाशकांचं आपापसात भांडण झालं, न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला उभा राहिला. तिथे मिल्ड्रेडबाईंना साक्षीला बोलावलं, जुने करार, जुनी पत्रं बाहेर आली. हॅरिएट त्यांना बघून म्हणाल्या म्हणे, मला वाटलं तुम्ही वारलात.

वारलेल्या कसल्या! त्या तेव्हा टोलीडो शहरातल्या वर्तमानपत्रात नोकरी करत होत्या. मध्यंतरी विमान चालवायला शिकून लायसनही काढलं होतं. २००२ साली ९६व्या वर्षी गेल्या तेव्हाही त्यांचा स्तंभ चालूच होता. (मला इथे पंधरा दिवसांतून एकदा लिहिताना धाप लागते.)

तर ताई, तुमच्या मुलीचा राग निम्मा बरोबर आहे. तो काढून घेऊ नका, फक्त योग्य पत्त्यावर पाठवा. बाई खोटी होती असं नाही. खरी बाई होती, तिला नावामागे दडवलं होतं. हे उघड व्हायला कोर्टात कागद मांडावे लागले. नॅन्सीच्या छप्पन्न पुस्तकांत यापेक्षा बरं रहस्य मला तरी आठवत नाही.

दुसरा प्रश्न सोळा की अठराचा. यात फसवणूक नाही, उलट तुमच्या घरात घबाड आहे. १९५९ पासून कंपनीने जुनी पुस्तकं नव्याने लिहायला घेतली. पहिली चौतीस पुस्तकं अशी हळूहळू बदलली. पंचवीस प्रकरणांची वीस झाली, वर्णनं छाटली, घटनांचा वेग वाढवला, नॅन्सी सोळाची अठरा झाली. तिची जुनी निळी रोडस्टर, म्हणजे दोन माणसं बसायची उघडी गाडी, जाऊन नव्या फॅशनची कन्व्हर्टिबल आली. रंग तेवढा निळाच ठेवला. (सोळाव्या वर्षी गाडी हाकणारी नॅन्सी आपल्या पत्रादेवीच्या नाक्यावर दुसऱ्याच दिवशी पकडली गेली असती, तेव्हा पेडण्यापुरती अठराची बरी.) लायब्ररीत तिने वाचली ती १९५९ नंतरची. मावशींच्या पुस्तकावर १९५१ साल आहे, म्हणजे आत १९३०चा मजकूर. मिल्ड्रेडने लिहिला तसा.

म्हणजे ज्या बाईला शोधत तुमची मुलगी चार पानं लिहून बसली, त्या बाईचा आवाज तुमच्याच घरात निळ्या कापडात गुंडाळलेला आहे, आणि लायब्ररीच्या पुस्तकात त्यावर दुसऱ्याने हात फिरवलाय. लायब्ररीतली प्रत पुन्हा आणा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून फक्त पहिलं प्रकरण वाचू दे. जुन्यात बापलेक घरात बसून बोलतायत, मेलेल्या म्हाताऱ्याचे पैसे त्या गर्विष्ठ टॉपहॅम कुटुंबाला मिळाले तर काय अन्याय, असा विषय. नव्यात नॅन्सी गाडी चालवत येते आणि एक छोटी मुलगी ट्रकखाली येता येता वाचते. एकाने चर्चेतून सुरुवात केली, दुसऱ्याने अपघातातून. का केली असेल? कुणाला वाटलं असेल की मुलींना आता बोलण्यात रस नाही? तिच्या वहीत एक रकाना वाढवायला सांगा. माझं मत विचाराल तर मला जुनी नॅन्सी जास्त आवडते. नवी फार शहाण्यासारखी वागते, पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी.

पण जुनं पुस्तक तिच्या हातात देताना एकदा तुम्ही शेजारी बसा. त्यात तळ्याकाठच्या बंगल्याचा राखणदार कृष्णवर्णीय आहे. तो दारुडा दाखवलाय, त्याच्या बोलण्याची टिंगल केलीय, नॅन्सीही त्याच्याशी नीट वागत नाही. १९५९ ची दुरुस्ती निम्मी या असल्या मजकुरासाठी होती. हे पान फाडायचं नाही, झाकायचंही नाही. आपल्याकडच्या जुन्या नाटकांत आणि विनोदी कथांत जातीवरून केलेले विनोद आठवतात ना? आम्ही त्यावर हसलोय. तिला हसू आलं नाही तर तिला मोठी झालेली समजा. मिल्ड्रेडबाईंच्या बाजूने बोलायचं म्हणून हे लपवू नका. खरी माणसं शोधायची म्हटली की त्यांच्या चुकाही सापडतात.

मिस्टर म्हणतात, काहीतरी चांगलं दे. त्यांना म्हणावं, तुमचंच खातं आहे यात. पहिल्या पुस्तकाची सगळी गोष्ट एका मृत्युपत्रावर उभी आहे. म्हाताऱ्याने आयुष्यभर अनेक नातेवाइकांना शब्द दिला, मेल्यावर बघतात तर सगळं एकाच श्रीमंत कुटुंबाच्या नावे, आणि दुसरं, नंतरचं मृत्युपत्र कुठेतरी आहे अशी कुजबुज. (कुठे ते सांगत नाही, तुम्हीही वाचा.) आता हाच म्हातारा साखळीत किंवा म्हापशात राहत असता तर? आपल्याकडे पोर्तुगीज अमलापासून मृत्युपत्र नोटरीसमोर करायची रीत आहे, साक्षीदारांसमोर, नोटरीच्या वहीत. पुढे २०१२ चा गोव्याचा आपला कायदा झाला तरी ही परंपरा राहिली. शिवाय मुलंबाळं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव. बापाने कितीही आदळआपट केली तरी ती दुसऱ्याला देता येत नाही. त्या म्हाताऱ्याच्या पुतण्या-भाचरांना असं काही मिळालं असतं का? सीलबंद मृत्युपत्र गोव्यात करता येतं का? ती वही प्रत्यक्ष दिसते कशी? ही उत्तरं देणारा माणूस रोज संध्याकाळी तुमच्या घरी पोळी खातो. नॅन्सीचे वडील वकील आहेत आणि जेवताना लेकीशी खटल्यांवर बोलतात, हे तुमच्या मुलीने सतरा वेळा वाचलंय. एकदा तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलून बघावं.

सासूबाईंचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या मनात अभ्यास आणि गोष्टी अशा दोन वेगळ्या बरण्या आहेत. माझ्या वडिलांच्याही होत्या. ते शिक्षक. आमच्या घरी बाबुराव अर्नाळकर म्हणजे दारूच्या बाटलीइतकी निषिद्ध वस्तू. गावात केस कापणाऱ्याकडे त्या छोट्या रहस्यकथांचा गठ्ठा असायचा, माझा भाऊ केस नसताना केस कापायला जायचा. मी त्या चुलीपुढे बसून वाचल्या, दूध दोनदा उतू गेलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ऐटीत चालणारा, काळा चष्मा घातलेला कुणी दिसला की मला तो डिटेक्टिव्ह धनंजयच वाटायचा. मसाल्याच्या दुकानापासून माशांच्या रांगेपर्यंत मी एकाच्या मागे गेले आहे. त्याने पेडवे घेतले.

अर्नाळकर हे नावही खरं नव्हतं हे मला खूप उशिरा कळलं. खरे ते चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या या एका माणसाने. पण मला तेव्हा काहीच वाटलं नाही. कारण मी त्यांना कधी पत्र लिहिलं नव्हतं. तुमच्या मुलीने लिहिलं. फरक इथे आहे. ती रडली ती लेखिका नव्हती म्हणून नाही. आपण मन उघडं करून बोललो आणि समोर कुणीच नव्हतं, वर ते मामेभावाने वाचलं, म्हणून रडली. हे दुःख पुस्तकाचं नाही, लाज वाटल्याचं आहे. भाच्याला त्याबद्दल तिची माफी मागायला सांगा. माहिती दिल्याबद्दल नाही, दुसऱ्याचं पत्र वाचून हसल्याबद्दल.

सासूबाईंना एकदा सहज विचारा, लग्नाआधी चोरून काय वाचायच्या. उत्तर मिळेल की नाही सांगता येत नाही, पण चेहरा बघा.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर मी शाळेच्या लायब्ररीत नोकरी केली. मराठी शाळेतून पाचवीला इंग्रजीत येणारी मुलं मी रांगेने पाहिली. त्यांना जगातलं उत्तम साहित्य दिलं की ती पहिल्या पानावर बुडतात. या मालिका त्यांना तरंगवतात, आणि त्याचं कारण तेच, ज्याला मोठी माणसं नावं ठेवतात: सगळं पुन्हा पुन्हा येतं. तीच माणसं, त्याच मैत्रिणी बेस आणि जॉर्ज, घर सांभाळणारी तीच हॅना. प्रत्येक पुस्तकात आधीच्यांची आठवण आणि पुढच्याची जाहिरात. दर प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी किंचाळणार, म्हणजे शब्दकोश न उघडता पान उलटणार. ‘अ‍ॅटिक’ हा शब्द पहिल्यांदा अडतो, तिसऱ्या पुस्तकात कळतं की हा आपला माळा, सातव्यात तो इंग्रजी आहे हेच विसरायला होतं. आमच्या एका मुख्याध्यापकांनी असली पुस्तकं कपाटातून काढून स्टाफरूमच्या माळ्यावर टाकली होती. मी दर शनिवारी चार-चार खाली आणायची. ते रहस्य निवृत्तीपर्यंत उलगडलं नाही.

मात्र मालिकेचं डोळे मिटून कौतुक करायचं माझ्या मनात नाही. नॅन्सीला पेट्रोलच्या पैशांची काळजी नाही, घरकाम हॅना करते, वडील कधी नाही म्हणत नाहीत, आणि सुगावा शोधण्यापेक्षा तिला सुगाव्यावर पाय पडून अडखळायची सवय जास्त. सतरा पुस्तकांत कितीदा कोंडली हे मोजणाऱ्या मुलीला हे दिसलेलं आहे, नाहीतर तो रकाना तिने आखलाच नसता. मला एक शंका येते. सतराव्या पुस्तकाशी तिचा जीव थोडा उडालाही असेल. मालिकेतून मूल बाहेर पडतं तेव्हा असंच काहीतरी निमित्त लागतं, आणि भाच्याने ते आयतं दिलं असेल. तसं असेल तर अठरावं पुस्तक तिच्या उशाशी नेऊन ठेवू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीश स्त्रियांनी, सँड्रा डे ओकॉनर, रूथ बेडर गिन्सबर्ग आणि सोनिया सोटोमायर यांनी, लहानपणी नॅन्सी वाचल्याचं आवर्जून सांगितलंय. त्याही कधीतरी ती खाली ठेवूनच पुढे गेल्या असणार. हे नावाचं त्रिकूट मिस्टरांना ऐकवायला हरकत नाही, मुलीला नको. तिला आत्ताच न्यायाधीश करायची घाई नको.

मराठीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात ती काळजी मला दिसली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घरात असू द्या. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, त्याची सायकल आणि ते ‘ट्टॉक्’. लिहिणारा एकच माणूस, खऱ्या नावाने, हाही तिला आत्ता दिलासा वाटेल. पण ‘आता हे वाच, हे आपलं आहे’ असं म्हणून देऊ नका. आपलं म्हणून दिलेलं पुस्तक मुलांना एरंडेलासारखं लागतं. फ्रीजवर ठेवा, केळ्यांच्या शेजारी. किंवा तुम्ही स्वतः वाचत बसा आणि हाक मारल्यावर ओ देऊ नका.

आता ते पत्र. तिने पुन्हा नवं लिहायची गरज नाही. वरचं नाव तेवढं खोडून मिल्ड्रेड बेन्सन लिहावं, आणि वाचून बघावं की पत्रातलं कोणतं वाक्य आता खोटं ठरतं. माझा अंदाज, फार थोडी ठरतील. जी ठरतील ती तिने बदलावीत. पोस्टात टाकायला पत्ता नाही हे तिला माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल गोड काही बोलू नका. शाळेत द्यायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं.

एक गोष्ट राहिली. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंत आणि पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले आहे. ते निळं पुस्तक नैरोबीच्या एका मुलीचं होतं. १९५१ साली तिने शाईने त्यावर नाव घातलं. पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्पिढ्या राहिलेली आपल्याकडची कितीतरी कुटुंबं नंतर परतली, काही तिथूनच इंग्लंडला गेली. ते पुस्तक तिथून बोटीने आलं की टपालाने? त्या मुलीने स्वतः दिलं की तिच्या मागे कुणी घर आवरताना दिलं? आणि इंग्रजी पुस्तकाचं तुमच्या मावशीला त्या वयात काय काम होतं? ती नैरोबीची मुलगी १९५१ला तेरा वर्षांची असेल तर आज नव्वदीच्या आतबाहेर असेल.

मावशी आहेत ना अजून? दुपारची झोप झाली की चारच्या सुमाराला फोन लावून द्या, आणि वही मुलीच्या हातात असू द्या.